वायफाय सारखं तुटतंय? कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी हे बघा

सुरुवात लक्षणांपासून करू. "भाऊ, नेट मधातच कटून राहिलं" असा फोन आला की मी आधी विचारतो, नेमकं काय दिसतं? या एका तक्रारीखाली चार-पाच वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

कधी कॉम्प्युटरवरचं वायफायचं चिन्ह पूर्ण जातं, यादीत घरच्या राउटरचं नावही दिसत नाही, आणि दोन-तीन मिनिटांनी सगळं आपोआप परत येतं. कधी नाव दिसतं, कॉम्प्युटर जुळलेलाही असतो, पण चिन्हाच्या जागी पृथ्वीचा गोळा येऊन "नो इंटरनेट" असं लिहून येतं. काही लॅपटॉप चार्जर लावलेला असेपर्यंत व्यवस्थित चालतात आणि चार्जर काढला की तुटतात, किंवा झाकण बंद करून उघडलं की पुन्हा जुळतच नाहीत. काही घरांत ठरावीक वेळीच तुटतं: भर दुपारी, किंवा संध्याकाळी सात-आठ वाजल्यानंतर. काही घरांत एकाच खोलीत तुटतं. आणि काही लॅपटॉपचं झाकण मागेपुढे केलं की लगेच सिग्नल जातो.

यांपैकी तुमचं कोणतं, ते कागदावर लिहा. तारीख, वेळ, तेव्हा कूलर चालू होता का, लाइन (वीज) जाऊन आली होती का, हेही लिहा. दोन दिवसांची अशी नोंद असली की अर्धं काम होतं. मी नागपुरात घरोघरी जाऊन हेच काम करतो. ज्या घरी अशी नोंद तयार असते तिथे मला बिघाड सापडायला फार वेळ लागत नाही.

फोन शेजारी ठेवून बघा

सगळ्यात सोपी आणि फुकटची तपासणी ही. कॉम्प्युटरच्या अगदी शेजारी मोबाइल ठेवा. त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि तो त्याच वायफायला जोडा. कॉम्प्युटरचं नेट तुटेल तेव्हा फोनवर काहीतरी उघडून बघा. फोनचंही तुटलं असेल तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. मग बिघाड राउटर, त्याची वीज किंवा बाहेरून येणारी इंटरनेटची वायर, म्हणजे फायबर, यांत शोधायचा. फोन चालतोय आणि कॉम्प्युटर तुटतोय, तर कॉम्प्युटरकडे वळायचं.

मोबाइल डेटा बंद करायला विसरू नका. तो चालू राहिला तर वायफाय गेल्यावर फोन गुपचूप डेटावर जातो आणि आपल्याला वाटतं की फोनवर तर सगळं ठीक आहे. या एका चुकीपायी लोकांनी चांगले लॅपटॉप फॉरमॅट करून घेतलेले मी पाहिले आहेत. पोरांचे फोटो गेले, दुकानाचे हिशेब गेले आणि वायफाय होतं तसंच राहिलं.

राउटरचे दिवे

नेट तुटलेलं असतानाच राउटरसमोर जा. परत आल्यावर गेलात तर सगळे दिवे हिरवे दिसतील आणि काहीच कळणार नाही.

सगळे दिवे एकदम विझून पुन्हा एकेक लागत असतील तर राउटर स्वतःच बंद पडून सुरू होतोय. म्हणजे वीज, अडॅप्टर किंवा उष्णता. फायबरची वायर ज्या डब्याला जुळते त्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल लागला किंवा लाल लुकलुकला तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली असेल, खांबावर ताणली गेली असेल किंवा घरातच कपाटामागे दुमडली असेल. घरातल्या पिवळ्या किंवा पांढऱ्या बारीक वायरला कुठे तीव्र वळण पडलंय का ते डोळ्यांनी बघा, पडलं असेल तर हलक्या हाताने मोकळं करा. एवढं करूनही दिवा लालच राहिला तर इथे थांबा आणि इंटरनेट कंपनीत तक्रार नोंदवा. फायबरचं टोक उपसून त्यात डोकावू नका. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना इजा करू शकतो.

आणखी एक कळकळीची विनंती. राउटरच्या मागे बारीक छिद्रात रिसेटचं बटण असतं, ते टाचणीने दाबू नका. बऱ्याच फायबरच्या डब्यांत कंपनीने भरलेलं युजरनेम आणि सेटिंग त्यामुळे पुसलं जातं. मग जे नेट तुटत-तुटत का होईना चालत होतं, तेही कंपनीचा माणूस येईपर्यंत बंद. बंद करून चालू करायचा असेल तर प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा आणि परत लावा.

राउटर कुठे ठेवलाय, आणि कूलर कुठे

नागपुरात मी सगळ्यात जास्त वेळ याच तपासणीला देतो. आपल्याकडे मार्च ते जूनमधल्या तक्रारींचा मोठा वाटा इथेच सुटतो.

केबलवाला हिवाळ्यात येतो. खिडकीच्या चौकटीतून वायर आत घेतो आणि तिथेच बाजूला भिंतीवर राउटर ठोकून जातो. तेव्हा सगळं छान चालतं. मार्चमध्ये त्याच खिडकीत लोखंडी पत्र्याचा कूलर बसतो. आता राउटर आणि आतल्या खोलीतला कॉम्प्युटर यांच्यामध्ये पत्रा, पाण्याने भरलेली टाकी आणि कूलरच्या बाजूंना लावलेल्या भिजलेल्या गवती ताट्या आल्या. पत्रा वायफायच्या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. मानेवाड्याकडच्या एका घरी दर उन्हाळ्यात लॅपटॉपवर संशय घेतला जायचा आणि पावसाळा लागला की तो आपोआप बरा व्हायचा. राउटर खिडकीपासून काढून हॉलच्या मधल्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर लावला आणि तक्रार संपली. खर्च फक्त थोड्या वायरचा.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ० ते ४० अंश असं छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात, नवतपाच्या दिवसांत पारा ४५ च्या पुढे जातो आणि वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली रात्रीसुद्धा तापलेली असते. अशा खोलीत, छताजवळच्या माळ्यावर, बंद कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेला राउटर दुपारी गळाठतो यात नवल नाही. दुपारी हात लावून बघा. चटका बसण्याइतका तापला असेल तर तो मोकळ्या हवेत, खाली आणि भिंतीपासून थोडा सुटा ठेवा. वर सेट टॉप बॉक्स किंवा झाकणारं कापड नको.

राउटर थंड राहावा म्हणून काहीजण तो थेट कूलरच्या झोतात ठेवतात. हे करू नका. त्या हवेत ओलावा असतो, बारीक तुषारही असतात. बोरच्या जड पाण्याचा कूलर असेल तर ताट्यांवर बसतो तो पांढरा क्षार सॉकेट आणि पिनवरही बसतो. दोन उन्हाळ्यांत पिन काळवंडते आणि मग थोडं हललं तरी वीज तुटते.

तिसरा मुद्दा एक्स्टेंशन बोर्डाचा. कूलर आणि राउटर एकाच बोर्डावर असतील तर वेगळे करा. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते. बोर्ड जुना, सैल असेल तर त्या क्षणी व्होल्टेज पडतं आणि राउटर रिस्टार्ट होतो. पंखा आणि दिवे चालूच राहतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. इन्व्हर्टर असलेल्या घरात लाइन जाते-येते तेव्हाच्या झटक्यातही असंच होऊ शकतं. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. तुमच्या राउटरवर १२ व्होल्टच लिहिलंय याची खात्री करून घेतला तर तो पैसे वसूल करतो.

कूलर हलवायचा असेल तर आधी त्याचा प्लग काढा, नुसतं बटण बंद करून हात लावू नका. आणि कूलरच्या पत्र्याला मुंग्या आल्यासारखं जाणवत असेल तर वायफाय बाजूला ठेवा, कूलर बंद ठेवा आणि आजच इलेक्ट्रिशियन बोलवा.

धागा नेमका कुठे तुटतो

आता पैसा न लागणारी, पण थोडं टाइप करायला लावणारी तपासणी. विंडोजच्या शोधपट्टीत "सीएमडी" ही तीन इंग्रजी अक्षरं टाका, काळी खिडकी उघडेल. त्यात "आयपीकॉन्फिग" इंग्रजीत लिहून एंटर दाबा. "डिफॉल्ट गेटवे" समोरचा आकडा म्हणजे राउटरचा पत्ता. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो.

मग अशा दोन काळ्या खिडक्या शेजारीशेजारी उघडा. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. एकीत इंग्रजीत "पिंग", मग जागा सोडून राउटरचा पत्ता, मग जागा सोडून हायफन आणि त्याला लागून "टी" लिहा आणि एंटर दाबा. दुसरीत तेच, पण पत्ता ८.८.८.८, हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे. दोन्ही तासभर चालू राहू द्या आणि नेहमीसारखं काम करा. कंट्रोल आणि सी एकत्र दाबलं की पिंग थांबतं.

नेट तुटलं त्या क्षणी दोन्ही खिडक्यांत उत्तर येणं थांबलं तर कॉम्प्युटर ते राउटर हा टप्पा तुटतोय. राउटरचं उत्तर नियमित येतंय आणि फक्त ८.८.८.८ गप्प झालंय, तर वायफाय ठणठणीत आहे, बिघाड राउटरच्या पुढे आहे, आणि कॉम्प्युटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. दोन्हीकडून उत्तर येतंय पण वेबसाइट उघडत नाही, असं असेल तर नावांवरून पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणजे डीएनएस, अडकली आहे. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा.

"आयपीकॉन्फिग"मध्ये तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. राउटरचा प्लग काढून लावा, कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. वारंवार तसंच झालं तर राउटरवर संशय घ्या.

घरात लॅनची वायर असेल तर ती या वेळी लावून बघा. राउटरच्या खोक्यात बहुधा एक छोटी मिळतेच. वायरीवर दिवसभर नेट तुटलं नाही, तर गडबड कॉम्प्युटर आणि राउटरमधल्या हवेतल्या टप्प्यात आहे. आणि माझं स्पष्ट मत आहे की जो डेस्कटॉप जागेवरून हलतच नाही, त्याला कायमची वायर टाकावी. चांगली लॅन वायर १०० मीटरपर्यंत चालते, आपल्या घरांना त्याच्या पावपटही लागत नाही.

विंडोजची वीजबचत

फोन चालतो आणि कॉम्प्युटर तुटतो, विशेषतः चार्जर काढल्यावर, तर आधी हेच. डिव्हाइस मॅनेजर उघडा, "नेटवर्क अडॅप्टर्स"खाली वायरलेसचं नाव शोधा, त्यावर उजवी क्लिक, "प्रॉपर्टीज", मग "पॉवर मॅनेजमेंट". वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी जी चौकट असते तिच्यातली खूण काढा. बॅटरी वाचवायला विंडोज वायफायचं कार्ड झोपवतं. काही कार्डं वेळेवर उठत नाहीत, म्हणून ही खूण काढायची. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हा भाग दिसतच नाही. तिथे कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये "वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज" मिळाली तर "मॅक्सिमम परफॉर्मन्स" निवडा.

त्यानंतर सेव्ह केलेलं नेटवर्क "फर्गेट" करून पासवर्ड नव्याने टाका. पासवर्ड हाताशी असल्याशिवाय फर्गेट करू नका.

२.४ की ५

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून लांब जाते, पण तिथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एक-दोन विटांच्या भिंतींनंतर दमते. दोन्हींना एकच नाव असेल तर कॉम्प्युटर सीमेवरच्या खोलीत इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला व्हिडिओ कॉल कटतो. ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन दोघांना वेगळी नावं द्या. पानाचा पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतो. कॉम्प्युटर राउटरच्याच खोलीत असेल तर ५ वर जोडा, लांब असेल तर २.४ वर.

संध्याकाळीच तुटत असेल आणि तुम्ही फ्लॅट स्कीममध्ये राहत असाल, तर शेजाऱ्यांची गर्दी हे कारण असू शकतं. प्रत्येक पट्टीत छोटे भाग असतात, त्यांना चॅनल म्हणतात. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. फोनवरच्या एखाद्या वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपने कोणत्यावर कमी गर्दी आहे ते बघा आणि "ऑटो"ऐवजी तोच चॅनल पक्का करा. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ वर ३६ ते ४८ मधला चॅनल निवडा. ५२ ते १४४ हे चॅनल रडारशी वाटून घेतलेले आहेत, तिथे राउटरला रडारचा भास जरी झाला तरी चॅनल सोडावा लागतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर जाताना निदान एक मिनिट ऐकत थांबावं लागतं. कारण न कळता अधूनमधून मिनिटभर नेट जाण्यामागे हेही असतं.

सुरक्षेची पद्धत नव्या राउटरवर डब्ल्यूपीए ३ असते. जुनं कार्ड त्यावर अडखळतं, त्याच्यासाठी डब्ल्यूपीए २ ठेवा. पासवर्डच काढून टाकणं हा उपाय नाही.

कॉम्प्युटरच्या आजूबाजूलाही एकदा नजर टाका. मायक्रोवेव्ह चालू असताना तुटत असेल तर तो २.४ च्याच पट्टीत काम करतो, एवढं कारण पुरतं. यूएसबी ३ च्या बाहेरच्या हार्डडिस्कबद्दल मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. तिच्या जोडणीतून २.४ च्या पट्टीत गोंगाट सांडतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलेलं आहे. हार्डडिस्क काढून बघा. वायफायचं डोंगल (यूएसबीत खोचायचं छोटं वायफाय यंत्र) तिच्या शेजारच्या पोर्टात असेल तर ते छोट्या यूएसबी वायरने लांब घ्या. डेस्कटॉपच्या मागे लोखंडी कॅबिनेटच्या आडोशाला लावलेलं डोंगलही असंच पुढे आणा. मदरबोर्डलाच वायफाय असेल तर मागचे दोन अँटेना घट्ट बसवलेत का ते तपासा. खोक्यात तसेच पडून राहिलेले अँटेनाही मला सापडले आहेत.

ड्रायव्हर आणि नेटवर्क रिसेट

विंडोजच्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायरलेसच्या "ड्रायव्हर" (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) भागात "रोल बॅक ड्रायव्हर" बघा. तसं नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून, तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. जाहिरातीतले "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" असले प्रोग्राम घेऊ नका, त्यांनी केलेली घाण साफ करायला जास्त वेळ जातो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अजून त्यावर असाल तर कॉम्प्युटर झेपतो का ते बघून पुढच्या आवृत्तीचा विचार करा.

शेवटी "नेटवर्क रिसेट". विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या प्रगत भागात ते मिळतं. सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात आणि ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला घरून जोडणारा सुरक्षित मार्ग) पुन्हा बसवावा लागू शकतो, म्हणून ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी ऑफिसला विचारा.

पैसे खर्च करायचेच असतील तर

राउटर रिस्टार्ट होतोय, बोर्ड बदलला, जागा बदलली, तरी थांबत नाही, तर आधी अडॅप्टर बदला. अडॅप्टरमधले कपॅसिटर उष्णतेत सुकतात. मग रिकामा असताना तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि राउटरने भार घेतला की खाली पडतो. नवा घेताना व्होल्ट जुन्यावर छापलेत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, पिनही सारखी हवी. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात जाताना जुना अडॅप्टर सोबत न्या, तोंडी मापावर आणू नका.

कॉम्प्युटरचं कार्डच दगा देतंय असं वाटत असेल तर काही शे रुपयांचं यूएसबी डोंगल लावून दोन दिवस बघा. त्यावर नीट चाललं तर बिघाड कार्डात किंवा त्याच्या अँटेनात आहे हे पक्कं झालं. त्याच डोंगलवर तुम्ही वर्षानुवर्षं काम करू शकता, त्यात कमीपणा काही नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

झाकण हलवल्यावर सिग्नल जातो, तर बिजागरीतून जाणारी अँटेनाची बारीक वायर झिजली आहे. कार्डावरचे तिचे जोड नखापेक्षा लहान असतात आणि घरच्या पकडीने तुटतात. लॅपटॉप स्वतः उघडू नका. टचपॅड वर आलाय किंवा तळ फुगलाय असं दिसलं तर बॅटरी फुगली आहे, ताबडतोब चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.

घरातले दिवे कधी डिम, कधी एकदम भगभगीत होत असतील तर विजेची न्यूट्रलची वायर सैल असण्याची शक्यता आहे. त्यात राउटरच काय, फ्रिज-टीव्हीही जळतात. महागाच्या वस्तूंचे प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला लगेच बोलवा. मृगाच्या पावसात विजा चमकून गेल्यानंतर राउटरचं एखादं पोर्ट मेलं असेल तर तेही घरी दुरुस्त होत नाही. गच्चीवरून लॅनची वायर घरात येत असेल तर पुढच्या वेळी गडगडाट सुरू होण्याआधीच ती आणि प्लग दोन्ही काढून ठेवा.

इंटरनेट कंपनीला फोन कराल तेव्हा "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. "राउटरला पिंग जातो, बाहेर जात नाही, काल रात्री आठ ते नऊमध्ये असं झालं, एलओएस लाल होता" असं सांगा आणि पिंगच्या खिडकीचा फोटो पाठवा. मग "कॉम्प्युटर तपासून घ्या" म्हणून तक्रार बंद करणं त्यांना जमत नाही.

कॉम्प्युटर दुकानात द्यायचाच असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, तुमची नोंद सोबत द्या, आणि "विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही" हे पावतीवर लिहून घ्या.